‘काही करत नाही तो’: अरुंद पायवाटेवरच्या एका चाव्याचं प्रकरण

माझ्या डाव्या पोटरीवर आता दोन फिकट ठिपके आणि एक तिरका ओरखडा उरलाय. चावा तसा लहानच. पण तो बसला तेव्हा कुत्रा भुंकत नव्हता, गुरगुरत नव्हता, त्याचा मालक पोहोचला होता आणि आम्ही चौघंही ‘सुटलो एकदाचे’ म्हणून हसायला लागलो होतो. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते त्यामुळेच. कुत्रा अंगावर आला तेव्हा आम्ही बऱ्यापैकी शहाण्यासारखे वागलो. चूक झाली ती त्यानंतर.

त्याच संध्याकाळी मी तिघांना वेगवेगळं बसवून काय काय आठवतं ते विचारलं आणि वहीत लिहून ठेवलं. खालची हकिकत त्या चार जबान्यांवरून आणि माझ्या घड्याळात झालेल्या चालीच्या नोंदीवरून जुळवलेली आहे. आम्ही त्या जागी किती वेळ अडकलो होतो? मित्र म्हणाला दहा मिनिटं, ताई म्हणाली पाच. घड्याळ म्हणतं २ मिनिटं ४० सेकंद.

वळणाच्या पुढे

पुढे मी, माझ्यामागे ११ वर्षांचा भाचा, त्याच्यामागे ताई आणि शेवटी मित्र. मित्राच्या हातात दोन ट्रेकिंग पोल. खिंडीतून उतरलेली वाट डोंगराच्या कुशीतून आडवी जात होती. डावीकडे छातीएवढ्या उंचीची मातीची दरड, उजवीकडे झुडपांनी भरलेला तीव्र उतार. समोरून कुणी आलंच, तर एकाने अंग चोरून दरडीला टेकायचं, एवढीच रुंदी.

वळण ओलांडलं आणि समोर साधारण चाळीस मीटरवर दोन कुत्रे. एक बुटका पांढरा. दुसरा तपकिरी, आखूड केसांचा, मांडीपर्यंत येईल असा. दोघांच्या गळ्यात पट्टे, म्हणजे पाळलेले. माणूस कुठेच दिसेना.

पांढऱ्याने भुंकून डोंगर डोक्यावर घेतला. साहजिकच चौघांचेही डोळे त्याच्यावर. तो पुढे येई, मागे जाई, जागच्या जागी गोल फिरे. तपकिरी मात्र वाटेच्या मधोमध उभा होता, आवाज न करता. तोंड मिटलेलं, मान किंचित खाली, कान पुढे, अंगाचा भार पुढच्या पायांवर. शेपूट वर, ताठ, आणि फक्त टोक भरभर थरथरतंय.

“मामा, शेपूट हलवतोय,” भाचा म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकेचा सूर होता.

शेपूट हलली म्हणजे कुत्रा खूश, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. खरं तर हलणारी शेपूट एवढंच सांगते की कुत्रा उत्तेजित झालाय. कशाने, ते बाकीच्या अंगावरून ओळखायचं. सैल कुत्र्याची शेपूट कमरेसकट डोलते, तोंड उघडं असतं, चाल वाकडी-तिकडी असते. ताठ शेपटीच्या छोट्या, जलद झटक्यांचा अर्थ वेगळा. २००७ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी ३० पाळीव कुत्र्यांच्या शेपटीचा झोका मोजला होता. मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुके, अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. चाळीस मीटरवरून डावं-उजवं मोजत बसणं कुणालाही जमणार नाही, पण ‘हलतेय’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नये हे त्यातून नक्की कळतं. पाठीवरचे केस उभे राहण्याचंही तसंच. ते भीतीनेही उभे राहतात, नुसत्या उत्साहानेही.

आमची पहिली चूक इथली. भुंकणाऱ्याकडे पाहत राहिलो आणि गप्प असलेल्याला मोजलंच नाही.

२ मिनिटं ४० सेकंद

तपकिरी निघाला तो सरळ रेषेत. आधी चालत, मग धावत. भाच्याने मागे वळून धूम ठोकायचा पवित्रा घेतला, पण ताईने त्याच्या सॅकची वरची पट्टी घट्ट पकडली. त्या दिवशी आमच्यापैकी कुणी केलेली सगळ्यात योग्य गोष्ट हीच. साधा कुत्राही ताशी ३० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने धावू शकतो. त्याच्यापुढे पळून जिंकण्याचा प्रश्नच नाही, उलट पळणारी पाठ त्याला पाठलागाचं आमंत्रण देते. त्यात मूल पळालं, अडखळलं, पडलं, तर त्याचा चेहरा आणि मान कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतात. लहान मुलांना होणाऱ्या गंभीर जखमा बहुतेक चेहऱ्याला आणि मानेला असतात, त्याचं हेच कारण.

मी थांबलो. पाठीवरची सॅक काढून पोटापुढे, नंतर गुडघ्यांच्या उंचीला धरली. अंग थोडं तिरकं केलं आणि नजर कुत्र्याच्या पायांवर ठेवली. डोळ्यांत डोळे घातले तर आव्हान, पूर्ण नजर फिरवली तर तो काय करतोय ते दिसत नाही. पाय बघितले की दोन्ही टळतं.

तेवढ्यात मागून मित्राने दोन्ही पोल डोक्यावर उगारले आणि जोरात “हट्!” म्हणून ओरडला. तपकिरी तीन मीटरवर येऊन अडला आणि तोपर्यंत गप्प असलेला तो गुरगुरायला लागला.

पोल उगारला म्हणून तो थांबला, असं मित्राचं आजही ठाम म्हणणं आहे. मला ते पटत नाही. तो माझ्यापाशी, सॅकच्या भिंतीपाशी थांबला. पोलमुळे झालं असेल तर इतकंच की त्याचा आवाज वाढला आणि मागे जायची तयारी कमी झाली. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. दगड उचलायला वाकलं की मोकाट कुत्रा पळतो, कारण त्याने दगड खाल्लेला असतो. त्याला ती भाषा येते. लाडात वाढलेल्या पाळीव कुत्र्याला दगड किंवा उगारलेली काठी म्हणजे काय हे ठाऊकच नसतं. त्याच्या लेखी समोरचा प्राणी अचानक मोठा झाला, एवढंच. शिवाय वाकल्यावर आपलं तोंड त्याच्या तोंडासमोर येतं ते वेगळंच. पोल असेल तर तो खाली, जमिनीलगत, आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये आडवा धरावा. मारायला नव्हे, अंतर राखायला.

“पोल खाली घे,” मी मागे न बघता म्हणालो. त्याने घेतला. गुरगुर कमी झाली नाही, पण वाढलीही नाही.

आणि मग पुढच्या वळणावर माणूस दिसला. साठेक मीटरवर. दोन्ही साखळ्या त्याने स्वतःच्या गळ्यात मफलरसारख्या टाकल्या होत्या.

“काही करत नाही तो! घाबरू नका!”

हे वाक्य मी याआधीही अनेक डोंगरांवर ऐकलंय. ते बोलणारा बहुधा खोटं बोलत नसतो. घरात, अंगणात, ओळखीच्या माणसांत तो कुत्रा खरोखरच काही करत नसेल. पण अरुंद वाटेवर, समोर पाठीवर कुबडासारखी ओझी असलेली चार अनोळखी माणसं, हा प्रसंग त्या माणसाने स्वतःही पूर्वी पाहिलेला नसतो.

तो कुत्र्याचं नाव घेत, ओरडत, आमच्या दिशेने पळत सुटला. मालक पळत येतोय म्हटल्यावर हायसं वाटायला हवं होतं. तपकिरी मात्र आणखी ताठ झाला. माझ्या समजुतीप्रमाणे, मालकाची आरडाओरड त्याला ‘मागे ये’ अशी ऐकूच येत नव्हती. ‘मीही आलो’ अशी येत होती. मालकाने अशा वेळी उलट करायचं असतं. थांबायचं, आवाज हलका-आनंदी ठेवायचा आणि पाठ फिरवून दुसऱ्या दिशेने निघायचं. दूर जाणाऱ्या मालकामागे पुष्कळ कुत्रे आपसूक वळतात. हे मला त्या दिवशी माहीत होतं. मी ओरडलो मात्र, “पळू नका! पट्टा लावा!” साठ मीटरवरून कुणी काय पट्टा लावणार? “थांबा, मागे फिरा, तिकडून बोलवा,” असं म्हणायला हवं होतं. समोरचा गोंधळलेला असला की ‘आवरा तुमचा कुत्रा’ म्हणून भागत नाही. त्याला एक करता येण्याजोगं काम द्यावं लागतं.

मालक दहा मीटरवर आला. तपकिरीने मान वळवली, दोन पावलं त्याच्याकडे गेला. पांढरा गप्प झाला. मालकाने वाकून जो हाताला लागला त्याला, म्हणजे पांढऱ्याला, पट्ट्याने धरलं. “या, या, जा तुम्ही,” तो धापा टाकत म्हणाला.

मी सॅक पाठीवर टाकली. “चला,” म्हणालो. मालक दरडीला टेकला, आम्ही एकामागे एक उताराच्या बाजूने त्याच्या अंगाला जवळजवळ घासून पुढे निघालो. मी त्याला ओलांडून दोन पावलं गेलो असेन. मागून पोटरीत काहीतरी आवळलं आणि सुटलं. गुरगुर नाही, भुंकणं नाही. वळलो तोवर तपकिरी मालकाच्या पायांपाशी परत गेलाही होता.

त्याची बाजू

चावा त्याच क्षणी का? हा प्रश्न मला कितीतरी दिवस पुरला.

कळपाची राखण करणारे कुत्रे भेटले तर गणित सरळ असतं. त्यांची राखायची वस्तू समोर दिसते. आपण कळपापासून लांबून वळसा घातला, सायकल असेल तर उतरून हातात धरली, की कुत्रा थोडं अंतर सोबत चालून परत जातो. त्याचं काम झालेलं असतं. वाटेवर मोकळा सोडलेला पाळीव कुत्रा असा एका जागेला बांधलेला नसतो. पण त्याचीही एक राखायची वस्तू असते, आणि ती चालती-बोलती असते. मालक.

आमच्या वाटेचं चित्र पुन्हा पाहा. एका टोकाला आम्ही, मध्ये तपकिरी, त्याच्यामागे मालक. मालक नजरेआड होता तोवर आम्ही नुसते अनोळखी होतो. तो आला, थांबला, आणि आम्ही सरळ त्याच्या अंगावर चालून गेलो. कुत्र्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर सगळ्यात गंभीर क्षण तोच. आम्हाला मालक आला म्हणजे भानगड मिटली असं वाटत होतं, त्याच्या हिशेबात ती तेव्हा सुरू झाली होती. त्यात मी पाठ केली आणि निघून चाललो. तोंडासमोर चावायची हिंमत नसलेले कुत्रे निघून जाणाऱ्या पायाला मागून चावतात, हे जाणकारांकडून मी नंतर अनेकदा ऐकलं. बिचकलेल्या कुत्र्याला पाठीमागून चावणं सोपं जातं.

हा माझा तर्क आहे, कुत्र्याची साक्ष नव्हे. पण त्या तर्काने पुढे काय करायचं ते बदलतं. मालकाच्या जवळून जायचं नाही. आधी त्याला दोन्ही कुत्र्यांना साखळी लावायला सांगायची. मग त्यानेच वाट सोडायची. दरडीवर चढावं, मागच्या रुंद जागेपर्यंत परत जावं, काहीही करावं. साखळीची कडी अडकलेली डोळ्यांनी दिसेपर्यंत जागेवरून हलायचं नाही. निघताना सॅक खांद्यावर नव्हे, कुत्र्याच्या बाजूच्या हातात, गुडघ्यालगत. आणि पहिली दहा-वीस पावलं तोंड त्याच्याकडे ठेवून तिरकं चालायचं. या सगळ्याला फार तर आणखी दोन मिनिटं लागली असती. ती मागण्याचा मला संकोच वाटला. समोरचा माणूस आधीच ओशाळला होता, त्यात आपण आणखी अटी काय घालायच्या? भिडेखातर चावा खाल्ला, असंही म्हणता येईल.

याहूनही आधी एक संधी होती. चाळीस मीटरवर कुत्रे दिसले तेव्हा आम्ही पाच पावलं मागे सरून वळणाआड जाऊ शकलो असतो. तिथे दरड बुटकी होती, वर चढून वाट मोकळी करून देता आली असती. दृष्टीआड झालेल्या माणसांवर सगळेच कुत्रे धावून येत नाहीत. पण पुढे चालायची सवय एवढी अंगवळणी पडलेली असते की मागे फिरणं हा पर्याय आहे हेच सुचत नाही.

हत्यारांविषयी लोक फार विचारतात. मिरीचा फवारा माझ्याकडे नव्हता आणि असता तरी त्या वाटेवर मारला नसता. वारा समोरून होता आणि मागे मूल होतं. शिवाय काही देशांत तो बाळगण्यावरच बंदी आहे, परक्या मुलुखात आधी चौकशी करावी. हवेच्या दाबावर वाजणारा छोटा भोंगा वजनाला हलका असतो, लांब असलेल्या कुत्र्यावर चालतोही, पण तीन मीटरवर गुरगुरणाऱ्यापुढे तो वाजवून बघायची माझी तयारी नाही. खाऊ फेकण्याचा सल्लाही मिळतो. एकटा कुत्रा असेल तर ठीक. दोन असतील तर त्या घासावरून त्यांचीच जुंपते आणि आपण मध्ये असतो. माझी भिस्त अजूनही सॅकवर आहे, कारण ती नेहमी सोबत असते आणि कुत्र्याला चावायला आपल्या पायाऐवजी दुसरं काहीतरी मिळतं.

चावा सुटला नाही तर पाय ओढू नये, मांस फाटतं. पडलोच, तर गुडघे पोटाशी घेऊन पालथं व्हावं, बोटं मानेमागे गुंफावी, कोपरांनी कान झाकावे आणि हलू नये. आमच्यावर ती वेळ आली नाही.

जखम

पँट फाटली नव्हती. “कपड्यावरूनच लागलंय, काही नाही,” मालक म्हणाला. पँट वर केली तर दोन छिद्रं, त्यातून रक्त, शेजारी ओरखडा. पशुवैद्य इयन डनबार यांची चाव्यांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी आहे. एकाच चाव्यात एक ते चार छिद्रं आणि त्यांची खोली सुळ्याच्या निम्म्याहून कमी, म्हणजे तिसरी पायरी. माझा चावा तिथला. रेबीजचा हिशेब मात्र खोलीवर चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत कातडी भेदणारा कोणताही चावा तिसऱ्या, सर्वांत गंभीर वर्गात येतो, मग वर पँट असो वा नसो.

पुढचं काम भाच्याने केलं. त्याला म्हटलं, घड्याळ लाव, १५ मिनिटं. प्रथमोपचाराच्या पिशवीत साबणाची चकती होती. जखम साबणाने धुवायची आणि वरून वाहतं पाणी सोडत राहायचं. चार मिनिटांत आमचं निम्मं पाणी संपलं तेव्हा मित्र पळत जाऊन खालच्या ओढ्यावरून बाटल्या भरून आणत राहिला. पंधरा मिनिटं किती लांब असतात ते तेव्हा कळतं. सातव्या मिनिटाला मीच “बास झालं” म्हणालो. भाचा म्हणाला, “मामा, अजून आठ.” रेबीजचा विषाणू साबणाने निकामी होतो, त्यामुळे हे धुणं म्हणजे उपचाराची पहिली पायरीच. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावलं, वर सैल गॉझ. घट्ट पट्टी नाही, जखमेत काही भरणं नाही. अशी जखम शक्यतो लगेच शिवतही नाहीत.

मालकाने कुत्र्याला सगळी इंजेक्शनं दिल्याचं सांगितलं. नाव आणि फोन नंबर घेतला, लसीच्या कार्डाचा फोटो पाठवायला सांगितलं. फोटो संध्याकाळी आला. रेबीजच्या लसीची मुदत चार महिन्यांपूर्वीच उलटून गेली होती. माणूस लबाड नव्हता, विसरला होता.

त्याला आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो प्रत्येकाने विचारावा असं मला वाटतं. “याआधी चावलाय का?” याचं उत्तर ‘नाही, पहिल्यांदाच’ असंच येतं. मी विचारलं, “याआधी कुणाच्या अंगावर धावून गेला होता का?” तो थोडा वेळ गप्प राहिला. “दोनदा. पण थांबला होता.” वाटेच्या देखभालीचं काम पाहणाऱ्या कार्यालयात मी नंतर नोंद केली, त्यात हे वाक्य तसंच्या तसं लिहिलं.

डॉक्टरांनी त्याच दिवशी जखमेच्या आत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिन टोचलं. चाव्यापेक्षा ते जास्त दुखलं. लस तयार करायला लावते ती प्रतिकारशक्ती यायला दिवस लागतात, तोवरचा हा तयार पहारा. सोबत लसीचा पहिला डोस, पुढचे ३, ७ आणि १४ व्या दिवशी. धनुर्वाताची तारीख तपासली, जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या. जगभरात रेबीजने दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं मरतात असा अंदाज आहे, आणि माणसाला होणाऱ्या रेबीजच्या ९९ टक्के प्रकरणांत संसर्ग कुत्र्याकडून आलेला असतो. लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कुणी वाचत नाही, आणि लक्षणांच्या आधी उपचार वेळेवर झाले तर जवळजवळ कुणी मरत नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून भाच्याने फोनवर शोधून काढलं की ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली रेबीजची लस ज्याला टोचली तो जोसेफ माइस्टर नऊ वर्षांचा होता. “माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान,” तो म्हणाला आणि माझ्या दंडाकडे जरा तुच्छतेने पाहिलं.

चावणारा कुत्रा पाळीव आणि हाताशी असेल तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवतात. चावतेवेळी त्याच्या लाळेत रेबीज असता, तर तो त्या मुदतीत आजारी पडून मेला असता. म्हणून मालकाचा नंबर कार्डाइतकाच महत्त्वाचा. तो माणूस रोज सकाळी न चुकता एक ओळ पाठवायचा. ‘जेवला.’ ‘फिरला.’ चौथ्या दिवशी नुसताच फोटो. सहाव्या दिवशी दुपारपर्यंत काही आलं नाही. मी काम बाजूला ठेवून फोनकडे बघत बसलो. तीन वाजता आलं: ‘माफ करा, प्रवासात होतो. ठणठणीत आहे.’

दहाव्या दिवशी त्याने फोनच केला. आधी पायाची चौकशी केली, मग म्हणाला, “आता वाटेवर दोघांनाही साखळीत नेतो. पण खरं सांगू, तपकिरी आता जास्तच ओढतो. समोर कुणी दिसलं की ताठ होतो.” साखळीने अडवलेला कुत्रा कधी कधी आणखी चिडतो. मी त्याला प्रशिक्षकाकडे जायला सांगितलं, आणि वाटेवर कुणी दिसलं की साखळी खेचून धरण्याऐवजी स्वतःच वाट सोडून दहा-बारा मीटर बाजूला जायला. डॉक्टरांना कळवलं, त्यांनी चौदाव्या दिवसाचा डोस रद्द केला.

त्यानंतर दोन महिन्यांनी आम्ही चौघं दुसऱ्या एका डोंगरावर होतो. वळणापलीकडे गळ्यातल्या पट्ट्याची कडी वाजल्यासारखं झालं. मी पुढे पाऊल टाकणार एवढ्यात मागून कुणीतरी माझ्या सॅकची वरची पट्टी घट्ट पकडली. ताई असेल म्हणून वळून पाहिलं, तर भाचा होता.